व्ही-क्रॉस 2.5 डिझेलचं ट्यूनिंग: एक पावसाळा, एक उन्हाळा काढल्यावर

इसुझु डी-मॅक्स व्ही-क्रॉसचं जुनं 2.5 लिटरचं इंजिन कंपनीतून 134 एचपी आणि 320 एनएम टॉर्क (फिरवण्याचा जोर) देतं. रिकाम्या गाडीला तेवढं पुरतं. पण ठाण्याहून मुरबाडमार्गे ओतूरला शेतावर जाताना मागे ठिबकची बंडलं आणि पाण्याची मोटर, आत घरची माणसं आणि एसी चालू असला, की माळशेजच्या चढावर ट्रकच्या मागून बाहेर पडताना गाडीला दम लागायचा. म्हणून ट्यूनिंग करून घेतलं. एरवी गाडी रोज ठाणे-बेलापूर रोडच्या ट्रॅफिकमध्ये असते, त्यामुळे दोन्ही प्रकारचा वापर झालाय. मी मनापासून समाधानी आहे, पण त्याचं मोठं श्रेय मॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरमधली बदललेली सेटिंग) टाकण्याआधी केलेल्या कामाला जातं.

डिझेल इंजिनाची पॉवर वाढवायची म्हणजे शेवटी सिलिंडरमध्ये जास्त डिझेल सोडायचं. ते जाळायला हवा पुरली तर ताकद मिळते, नाही पुरली तर काळा धूर आणि नुसती उष्णता. म्हणून आहे ती सिस्टिम धड आहे का, हे आधी बघायचं. रबाळे एमआयडीसीत पंप-नोझलचं काम करणाऱ्या एका कारागिराकडे गाडी दिवसभर ठेवली. त्याने चारही इंजेक्टरच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या नोझलच्या) रिटर्नला, म्हणजे उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या नळीला, पारदर्शक बाटल्या लावल्या आणि इंजिन आयडलवर सोडलं. तीन बाटल्या सारख्या भरत होत्या, तीन नंबरच्या इंजेक्टरची मात्र डोळ्यांदेखत पुढे गेली. म्हणजे त्यातून दाबाखालचं डिझेल आतल्या आत टाकीकडे परत निसटत होतं. चालवताना यातलं काहीच कळत नव्हतं. मिसिंग नाही, चेक इंजिनचा दिवा नाही. वाढीव मॅपवर फुल लोड पडला असता तर रेलचं (सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीचं) प्रेशर इथेच कोसळलं असतं. तो इंजेक्टर दुरुस्त केला, त्याचा नवा कोड ईसीयूत (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये) भरला, पुन्हा बाटल्या लावून चौघांची पातळी बघितली आणि मगच पुढे गेलो. त्याच दिवशी इंटरकूलरच्या (टर्बोकडून येणारी गरम हवा थंड करणाऱ्या भागाच्या) पाइपच्या जोडावर ऑइलचा ओलसर, धूळ धरलेला पट्टा दिसला. तिथून बूस्ट (टर्बोने दाबलेली हवा) गळत होता. क्लॅम्प बदलला आणि मॅप न टाकताच गाडी जरा मोकळी झाली!

फिल्टरच्या बाबतीत मी आता कडक आहे. कॉमन रेलमध्ये प्रेशर दीड हजार बारच्या वर जातं आणि इंजेक्टरमधली फट काही मायक्रॉनची असते. तिथे पाणी किंवा कचरा गेला की काम संपलं. पावसाळ्यात फिल्टरखालचा ड्रेन उघडून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत काढतो. जुलैमध्ये एकदा तळाशी पाण्याचे टपोरे थेंब स्पष्ट दिसले. त्या पंपावर पुन्हा गेलो नाही. फिल्टर ओरिजिनलच वापरतो आणि कंपनीने सांगितलेल्या मुदतीच्या बराच आधी बदलतो.

स्वस्तातला ट्यूनिंग बॉक्स मी मुद्दाम टाळला. यातले बरेच बॉक्स रेल प्रेशर सेन्सर आणि ईसीयूच्या मध्ये बसतात आणि प्रेशर आहे त्यापेक्षा कमी असल्याचं ईसीयूला सांगतात. ईसीयू बिचारा प्रेशर वाढवत राहतो आणि खरा आकडा कुणालाच कळत नाही. ज्या आकड्यावर पंप, इंजेक्टर आणि रिलीफ व्हॉल्व्हची सुरक्षितता उभी आहे, तोच खोटा करणं मला पटत नाही. ईसीयूच्या रीमॅपमध्ये निदान सगळे सेन्सर खरं बोलतात.

रीमॅपही सौम्यच घेतला. दोन अटी घातल्या होत्या: स्मोक लिमिटरला (हवेच्या मानाने डिझेल आवरणाऱ्या मर्यादेला) हात लावायचा नाही आणि वाढीव टॉर्क 2000 आरपीएमच्या पुढेच द्यायचा. खालच्या आरपीएमला टॉर्क कोंबला की गाडी पहिल्या दिवशी भारी वाटते, पण मार क्लच आणि कनेक्टिंग रॉडवर बसतो. 

टर्बोच्या आधी, एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये ईजीटीचा (एक्झॉस्टच्या तापमानाचा) सेन्सर बसवला. टर्बोच्या नंतर बसवला तर तापमान बरंच कमी दिसतं आणि फुकटचा दिलासा मिळतो. पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो आणि ॲल्युमिनियम साधारण 660 अंशांना वितळतं. ऑइल आणि कूलंट उष्णता ओढून नेतात म्हणून पिस्टन टिकतो. सतत लोडवर 700 अंशांच्या वर जायचं नाही, ही माझी मर्यादा. मे महिन्यात कसारा घाटात चौथ्या गिअरमध्ये दाबत राहिलो की काटा भराभर चढतो. तिसरा टाकून आरपीएम वर नेले आणि पाय थोडा सैल केला की लगेच खाली येतो, कारण टर्बो हवा जास्त देतो. मला विचाराल तर पैसे कमी असतील तेव्हा आधी हा मीटर बसवा, मॅप नंतर.

फरक कुठे पडला? माळशेजला ओव्हरटेक करताना आता गिअरसाठी धडपड नाही. घोडबंदर रोडवर गायमुखचा चढ कधी गेला कळत नाही. ॲव्हरेज हायवेला जवळपास तेवढंच आहे, शहरात पाय आवरला नाही तर पडतं. धूर दिसत नाही. बीएस-4 डिझेलसाठी पीयूसीची धुराची मर्यादा 1.62 आहे, गाडी आरामात पास झाली. क्लच मात्र चढावर भरल्या गाडीने रिव्हर्स घेताना किंचित वास देतो, तो यंदा बदलणार.

वॉरंटी चालू असेल तर या भानगडीत पडू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आरसीवरच्या नोंदींशी विसंगत बदलांना मनाई करतं, आणि विमा कंपनीशी आधीच बोलून घेतलेलं बरं. बीएस-6 गाडीचा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काढून पॉवर देतो म्हणणाऱ्याकडून सरळ उठून या. आणि ट्यूनर कुणीही असो, मूळ स्टॉक फाइल वाचून तुमच्या हातात देणार का आणि आधी-नंतरचा रेल प्रेशर आणि बूस्टचा लॉग दाखवणार का, हे पैसे देण्याआधी विचारा.