हिवाळ्यात एकट्याने पक्षी बघायला : भिगवण की नांदूर मध्यमेश्वर?

थंडी पडली की कुणी ना कुणी विचारतंच, "सुट्टी एकच आहे, सोबत कुणी नाही. भिगवणला जाऊ की नांदूरला?" भिगवण पुणे जिल्ह्यात, नांदूर नाशिक जिल्ह्यात निफाडजवळ; दोन्हीकडे मी अनेकदा एकटा गेलोय. एकट्या माणसाला पहिल्यांदा मी नांदूरच सुचवतो, पण रोहितांसाठी (फ्लेमिंगोंसाठी) जीव टाकत असाल तर गोष्ट वेगळी.

भिगवणला सगळा खेळ होडीचा. १९८० साली भीमेवर उजनी धरण पुरं झालं आणि त्याच्या फुगवट्यावर मासेमारी करणारे कुंभारगाव-डिकसळचे लोक आता पक्षीही दाखवतात. कुठल्या खुंटावर ऑस्प्रे हा शिकारी पक्षी मासा फाडत बसतो, हे त्यांना पाठ असतं. पण भाडं होडीचं असतं, माणशी नाही. एकट्याने गेलात तर सगळं भाडं तुमच्यावर पडतं. पहाटे काठावर थांबून एखाद्या कुटुंबाला विचारावं, बहुतेक वेळा सामावून घेतात. मग मात्र कुठे किती थांबायचं, हे तुमच्या हातात राहत नाही.

एकदा आमच्या होडीवाल्याने कुणाच्या तरी फोटोसाठी होडी थेट थव्यात घातली. उलटी चोच पाण्यात घालून, पायांनी चिखल ढवळत निवांत खाणारे रोहित आधी माना ताठ करून एका दिशेने चालू लागले, मग उडाले. माना वर झाल्या की तिथेच थांबायचं, हे निघण्याआधीच ठरवून घ्या. इंजिन बंद झाल्यावर थव्याची जी अखंड गुरगुर ऐकू येते, ती जवळून घेतलेल्या फोटोपेक्षा कितीतरी मोलाची आहे.

नांदूरला पाय आणि वेळ आपला. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरच्या जुन्या बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षं गाळ साचत गेला, पाणी उथळ झालं, बेटं तयार झाली, पाणवनस्पती माजली. थापट्या, तलवार बदक, चक्रांग या बदकांना हेच हवं असतं. २०१९ मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून याची नोंद झाली. चापडगावच्या बाजूला निरीक्षण मनोरे आहेत. दुर्बीण घेऊन दोन तास एका जागी बसलात तरी कुणी "चला" म्हणत नाही. मागच्या खेपेला एक जांभळी पाणकोंबडी एका पायावर उभी राहून, दुसऱ्या पायाच्या लांब बोटांत देठ धरून सोलून खात होती, अगदी आपण ऊस सोलतो तसा. होडीतून हे बघायला मिळालं नसतं. वारकरी (कूट) पक्षी तर एवढे की मोजायचा नाद सोडावा लागतो.

नांदूरची अडचण अंतराची. बदकं पाण्याच्या मध्यावर असतात, साध्या दुर्बिणीने मादी बदकं ओळखताना घाम फुटतो. स्थानिक गाईडकडे स्पॉटिंग स्कोप (लांबचं बघायची मोठी दुर्बीण) असेल तर तासभर तरी त्याला सोबत घ्या. दुसरी अडचण पोहोचण्याची. निफाडपर्यंत एसटी आहे, पण पुढच्या टप्प्याला पहाटे वाहन मिळेल याची खात्री नाही. आदल्या रात्री जवळ मुक्काम केलेला बरा. भिगवणला पुण्याहून सोलापूर रस्त्याने १०० किलोमीटरच्या आसपास, सरळ वाट.

खर्च फार नको आणि पुण्यातच असाल तर कवडीपाट आहे. मात्र मुळा-मुठेतला फेस आणि प्लॅस्टिक यांत उभे शेकाटे (लांब पायांचे पाणपक्षी) बघून मन खट्टू होतं.

बदकांसाठी डिसेंबर-जानेवारी उत्तम. रोहितांचं गणित उजनीच्या पाण्यावर. धरण काठोकाठ भरलेलं असेल तर उथळ चिखल उघडाच पडत नाही आणि ते उशिरा येतात, कधी फेब्रुवारी उजाडतो. म्हणून निघण्याआधी कुंभारगावच्या एखाद्या होडीवाल्याला फोन करून एवढंच विचारा, "रोहित उतरलेत का?" नाही म्हणाला, तर निफाड गाठा.