काँक्रीट, कमान की भराव? जलविद्युत धरणाचा प्रकार ठरवण्याआधी

मोठ्या जलविद्युत प्रकल्पाच्या सुरुवातीच्या अहवालात चार आडवे छेद शेजारी शेजारी काढलेले असतात. काँक्रीटचं गुरुत्व धरण, कमानी धरण, चिकणमातीच्या गाभ्याचं भरावाचं धरण आणि पाण्याकडच्या बाजूला काँक्रीटची फरशी चढवलेलं दगडभरावाचं धरण. प्रत्येकाखाली खर्च आणि लागणारी वर्षं. निर्णय घेणाऱ्याची नजर आधी त्या दोन आकड्यांवरच जाते. ते आकडे सगळ्यात शेवटी वाचावेत, असं माझं ठाम मत आहे. आधी दोन प्रश्न विचारावेत: पाण्याचा रेटा हे धरण कुठे नेऊन सोडणार? आणि अर्धवट उभं असताना पूर आला तर त्याचं काय होणार? पूर्ण झालेली धरणं कागदावर सारखीच भक्कम दिसतात. खरा फरक बांधकामाच्या चार-पाच पावसाळ्यांत आणि पहिल्यांदा पाणी साठवतानाच्या दिवसांत कळतो.

त्याही आधी एक गोष्ट. किती जमीन आणि किती गावं बुडणार, हे पूर्ण संचय पातळीवर, म्हणजे जलाशय पूर्ण भरल्यावरच्या पाण्याच्या उंचीवर ठरतं. धरण कशाचं बांधलं याचा त्याच्याशी संबंध नाही. थ्री गॉर्जेससाठी चीनमध्ये 12 लाखांहून अधिक माणसांना घरं सोडावी लागली. ते धरण काँक्रीटऐवजी दगडमातीचं असतं, तरी त्यातलं एकही घर वाचलं नसतं. म्हणून पातळी पाच मीटरनं खाली आणली तर किती उंबरे वाचतात आणि किती वीज कमी होते, हा तक्ता आधी मागावा. प्रकारांची तुलना सुरू झाली की सगळी चर्चा काँक्रीट आणि दगडांभोवती फिरते आणि उंचीचा प्रश्न नकळत सुटलेला धरला जातो. तसं होऊ देऊ नये.

रेटा कुठे जातो

शंभर मीटर खोलीवर पाणी दर चौरस मीटरला सुमारे शंभर टनांनी ढकलत असतं. गुरुत्व धरण हा रेटा स्वतःच्या वजनावर पेलतं. त्याच्या त्रिकोणी छेदाचा तळ उंचीच्या पाऊण पटीच्या आसपास असतो, आणि सगळा भार त्या तळाखालच्या खडकात उतरतो. त्यामुळे खडक सलग आणि टणक हवा. शिवाय तळातून झिरपणारं पाणी धरणाला खालून वर उचलू पाहतं, म्हणजे त्याचं वजनच कमी करतं. ग्राउटिंगचा (खडकाच्या भेगांत दाबानं भरलेल्या सिमेंटच्या लगद्याचा) पडदा, त्यामागची निचऱ्याची भोकं आणि धरणाच्या पोटातली गॅलरी ही सारी व्यवस्था या उचलीसाठी असते. कॅलिफोर्नियातलं सेंट फ्रान्सिस धरण काँक्रीटचंच होतं. मार्च 1928 मध्ये ते कोसळलं आणि चारशेहून अधिक माणसं गेली. त्याच्या एका बाजूला जुन्या दरडीचा खडक होता आणि दुसऱ्या बाजूला पाण्यात मऊ पडणारा. वर काँक्रीट कितीही उत्तम ओता, अशा पायावर ते उभं राहत नाही.

कमानी धरण रेटा दोन्ही काठांवर नेऊन टेकवतं, म्हणून त्याला साहित्य फार थोडं लागतं. इटलीतलं वायोंत धरण सुमारे 262 मीटर उंच आणि माथ्याला जेमतेम साडेतीन मीटर जाड. दरी अरुंद असेल, माथ्याची लांबी उंचीच्या तीन-चार पटींच्या आत असेल आणि काठांचा खडक एकजीव असेल, तर या प्रकाराशी खर्चात कुणी स्पर्धा करू शकत नाही. चीनमधलं 305 मीटर उंचीचं चिनफिंग-1 कमानीच आहे. पण इथे खडकाबाबत तडजोड चालत नाही. फ्रान्समधल्या मालपासे धरणाच्या डाव्या काठाच्या खडकात पाण्याचा दाब साचत गेला, खालच्या भ्रंशानं (खडकातल्या मोठ्या फुटीनं) त्याला सरकायला वाट दिली आणि 2 डिसेंबर 1959 च्या रात्री काठासकट धरण निघून गेलं. तिथेही चारशेहून जास्त बळी गेले. कमानीच्या गणितात मोठी चूक सापडली नाही; घात काठातल्या खडकानं केला होता.

वायोंतची गोष्ट याच्या उलट आहे आणि मला ती जास्त अस्वस्थ करते. 9 ऑक्टोबर 1963 ला जलाशयाच्या कडेचा डोंगर घसरला. सुमारे 26 कोटी घनमीटर माती-दगड पाण्यात आले, लाट धरणावरून उसळली आणि खाली सुमारे दोन हजार माणसं मेली. धरण मात्र आजही उभं आहे. म्हणून चारही पर्यायांची तुलना करताना जलाशयाच्या काठांच्या तपासणीचे पैसे वेगळे काढून ठेवावेत. ते कोणत्याही एका प्रकाराच्या खर्चात दाखवलेले नसतात आणि काटकसर करताना पहिली कात्री त्यांनाच लागते.

भरावाच्या धरणाचा तळ उंचीच्या चार-पाच पट रुंद पसरतो. दर चौरस मीटरला येणारा भार कमी, त्यामुळे नदीच्या गाळावर किंवा भेगाळलेल्या खडकावरही ते उभं करता येतं. शिवाय ते लवचिक असतं, थोडं खचून जागा घेतं. ताजिकिस्तानातलं 300 मीटरचं नुरेक आणि भारतातलं 260.5 मीटरचं टिहरी, दोन्ही भूकंपप्रवण डोंगरांत आहेत आणि दोन्ही भरावाची आहेत, हा योगायोग नाही. फरशीचं दगडभरावाचं धरण याचंच सडपातळ भावंड. गाभा नसल्यानं त्याचे उतार तीव्र ठेवता येतात आणि भराव बराच वाचतो.

अर्धवट धरण आणि पूर

नदी वळवणं हा अहवालात दोन पानांचा विषय असतो आणि प्रत्यक्षात अख्खं वेळापत्रक त्याच्याभोवती फिरतं. काँक्रीटच्या धरणावरून बांधकामात पाणी गेलं, तर कामाचे महिने बुडतात, यंत्रं वाहून जातात, पण धरण सहसा जागेवर राहतं. भरावावरून पाणी गेलं, तर काही तासांत भराव कापला जातो आणि खालच्या गावांवर साठलेलं सगळं पाणी एकदम येतं.

इथिओपियाच्या ग्रँड रेनेसाँ धरणाचं मधलं अंग मुद्दाम खालच्या पातळीवर ठेवलं होतं. जुलै 2020 पासून पावसाळ्यात नाईलचं पाणी त्यावरूनच वाहत गेलं आणि पुढच्या हंगामात त्यावर पुन्हा थर चढले. रोलरनं दाबलेल्या काँक्रीटचं गुरुत्व धरण होतं, म्हणून हे जमलं. आता कोलंबियातलं इतुआंगो पाहा: 225 मीटरचं भरावाचं धरण. 2018 च्या एप्रिलमध्ये वळण बोगदा (नदीचं पाणी बांधकामाला वळसा घालून नेणारा) ढासळून तुंबला, पाणी चढू लागलं आणि धरणाचा माथा अजून पूर्ण नव्हता. शेवटी नदी चक्क भूमिगत वीजगृहातून सोडावी लागली आणि दुसरीकडे रात्रंदिवस भराव चढवत ठेवावा लागला. हजारो लोकांना घरं सोडून जावं लागलं. धरण वाचलं, वीजगृहाची दैना झाली, आणि पहिली वीज निघायला 2022 उजाडलं. भरावाचं धरण निवडणं म्हणजे बोगदे जास्त, मोठे आणि निर्धोक ठेवण्याची हमी देणं. तो खर्च धरणाच्या रकान्यात न दिसता 'इतर कामे' या रकान्यात दिसतो, म्हणून भराव कागदावर स्वस्त वाटतो.

आपल्याकडे मातीच्या धरणात घळभरणीला इतकं महत्त्व का, हेही यातूनच उमजतं. नदीपात्रातली ती शेवटची खिंड एका उन्हाळ्यात, पुरापेक्षा वरच्या उंचीपर्यंत भरून झालीच पाहिजे. नाही झाली, तर ते वर्ष सोडून द्यायचं; अर्धी भरून पावसाळ्याला सामोरं जायचं नाही.

सांडव्याचंही तेच. गुरुत्व धरणात सांडवा धरणाच्या अंगावरच बसतो. भरावात तो बाजूला, डोंगर फोडून वेगळा करावा लागतो. फेब्रुवारी 2017 मध्ये अमेरिकेतल्या ओरोव्हिलला 235 मीटरच्या मातीच्या धरणाला ओरखडाही उठला नाही, पण सांडव्याच्या उताराची फरशी उखडली, मग आपत्कालीन सांडव्याखालचा उघडा डोंगर धुपू लागला आणि 1 लाख 80 हजारांहून जास्त लोकांना घाईघाईनं हलवावं लागलं. कमानीत पाणी माथ्यावरून किंवा वरच्या दारांतून थेट पायथ्याशी कोसळतं. झांबेझीवरच्या करिबा धरणाखाली अशा पाण्यानं सुमारे 80 मीटर खोल डोह कोरला आणि पुढे त्याच्या दुरुस्तीचा मोठा प्रकल्पच हाती घ्यावा लागला.

पहिला भरणा, गळती, भूकंप

मातीच्या गाभ्याचा खरा शत्रू आतून होणारी धूप. अमेरिकेतलं टेटन धरण 5 जून 1976 ला पहिल्याच भरण्यात फुटलं. वाऱ्यानं आणलेल्या बारीक गाळमातीचा गाभा भेगाळलेल्या खडकाला टेकलेला होता, झिरपणाऱ्या पाण्यानं माती भेगांतून नेली, आणि पाणी झपाट्यानं चढत असताना मुख्य विमोचक (जलाशयातलं पाणी खालून सोडायची वाट) वापरायला तयार नव्हता. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, तेव्हाही धरण मातीचं आणि नवं होतं, आणि विमोचकाचं काम अपुरं होतं. भराव निवडलात तर गाळणीचे थर (पाणी जाऊ देणारे पण माती अडवणारे) आणि विमोचक यांत एक रुपयाही वाचवू नका. जलाशय मनाजोगता खाली करता येत नसेल, तर पाणी अडवायला सुरुवातच करू नये.

फरशीच्या धरणात गळती झाली तरी दगडभराव वाहून जात नाही, हा त्याचा मोठा गुण. ब्राझीलच्या 202 मीटर उंच कांपोस नोव्होसमध्ये फरशी दाबाखाली फुटली. 2006 मध्ये वळण बोगद्यातून जलाशय रिकामा झाला तेव्हा त्या भेगा उघड्या पडल्या. धरणाचं अंग मात्र शाबूत होतं. 2008 च्या वेंचुआन भूकंपात त्सिफिंगफू या 156 मीटरच्या धरणाचा माथा सुमारे पाऊण मीटर खचला, फरशीचे सांधे सरकले, तरी ते टिकलं. काँक्रीटचा भूकंपातला अनुभव कोयनेनं दिला आहे. 11 डिसेंबर 1967 ला, जिथे मागचा उतार एकदम बदलतो त्या पातळीवर धरणाच्या दोन्ही अंगांना तडे गेले. धरण टिकलं आणि नंतर मागून टेकू देऊन ते मजबूत केलं. आज तिथलाच छेद पुन्हा काढायचा तर धरणाचा वरचा भाग इतका अचानक कुणी बारीक करणार नाही.

साहित्य आणि वेळ

साधं काँक्रीट घट्ट होताना तापतं. हूवर धरणात (221 मीटर) थंड पाणी फिरवायला सुमारे 930 किलोमीटर नळ्या घातल्या होत्या. कमानीत तर ठोकळे थंड होऊन त्यांचे सांधे ग्राउटनं भरेपर्यंत कमान कमान म्हणून कामच करत नाही, त्यामुळे पाणी अडवायला थांबावं लागतं.

रोलरनं दाबलेल्या काँक्रीटनं गुरुत्व धरणाचं हे दुखणं बरंच कमी केलं. (इंग्रजीत यालाही आरसीसी म्हणतात, पण घरबांधणीतल्या आरसीसीशी याची गल्लत करू नये, यात लोखंड नसतं.) कोरडसर मिश्रण, सिमेंट कमी, कोळशाची राख जास्त, आणि साधारण 30 सेंटीमीटरचे थर रोलरनं दाबत जायचं. ओरेगनमधलं 52 मीटरचं विलो क्रीक 1982 मध्ये पाच महिन्यांच्या आत चढलं. पण सुरुवातीला थरांच्या सांध्यांतून त्याला चांगलीच गळती होती. दोन थरांमधला वेळ आणि सांध्याची स्वच्छता पाहणारा कडक माणूस चोवीस तास हवा, नाहीतर या वेगाचा उपयोग नाही.

चिकणमाती पावसात दाबता येत नाही. ओली झाली की हंगाम संपला. दगडभराव भर पावसातही चालतो. लांब पावसाळ्याच्या प्रदेशात एवढ्या एका कारणानं फरशीचं धरण गाभ्याच्या धरणावर मात करतं.

गाळाचा मुद्दा थोडक्यात: गाळ बाहेर काढायची खालची दारं काँक्रीटच्या अंगात सहज बसतात, भरावात त्यासाठी वेगळे बोगदे खणावे लागतात. नदी गढूळ असेल तर हे वजन तराजूत घालाच.

मी काय निवडेन

रुंद खोरं, तळाशी चांगला खडक, नदीला बेभरवशाचे मोठे पूर: रोलर काँक्रीटचं गुरुत्व धरण, आणि भराव दहा-पंधरा टक्के स्वस्त दिसला तरीही. हा फरक वळणाच्या बोगद्यांत आणि सांडव्यात वितळून जातो. अरुंद दरी आणि दोन्ही काठ निर्विवाद: कमान. काठांबद्दल भूगर्भशास्त्रज्ञ 'बहुधा' हा शब्द वापरत असेल, तर कमान नको. पाया खोलवर गाळाचा किंवा भूकंपाचा धोका मोठा असेल तर भराव; जवळ चांगली चिकणमाती आणि लांब कोरडा हंगाम असेल तर गाभ्याचा, दगड मुबलक आणि पाऊस लांबणारा असेल तर फरशीचा. मात्र दोनशे मीटरच्या वरच्या फरशीबाबत मी कांपोस नोव्होसनंतर सावध झालो आहे.

एकच प्रकार निवडायची सक्तीही नसते. ब्राझील-पॅराग्वे सीमेवरच्या इताइपूत मुख्य धरण पोकळ गुरुत्व प्रकारचं आहे आणि दोन्ही अंगांना दगड-मातीचे भराव जोडले आहेत. ग्रँड रेनेसाँलाही खिंडीवरचं पूरक धरण दगडभराव आणि काँक्रीट फरशीचं आहे.

दोन पर्याय बरोबरीत आले, तर मतदान घेऊ नका. काठांत माणूस उभा राहून आत चालू शकेल असे तपासणीचे बोगदे खणा, तळात तपासणीची आणखी भोकं घ्या आणि एक हंगाम थांबा. अशा बोगद्यात हातात दिवा घेऊन, माती भरलेली भेग बोटानं उकरून पाहिल्यावर चारांपैकी दोन पर्याय बहुतेकदा तिथल्या तिथेच गळून पडतात.