डीस्पेस ७: प्रबंध चढले, पण सापडतात का?

डीस्पेस हे डिजिटल भांडार चालवायचं सॉफ्टवेअर २००२ मध्ये एमआयटी आणि एचपी लॅब्सने आणलं. फुकट आहे, भारतीय विद्यापीठांच्या प्रबंधांचं राष्ट्रीय भांडार असलेली शोधगंगाही त्यावरच चालते. त्यामुळे नांदेड, परभणी किंवा छत्रपती संभाजीनगरच्या ग्रंथालयात प्रबंधांचं डिजिटल भांडार करायचं ठरलं की पहिलं नाव हेच निघतं, आणि ते रास्त आहे. मात्र सातव्या आवृत्तीत जेएसपीयूआय हा जुना पडदा (इंटरफेस) गेला. आता अँग्युलर (नवा पडदा), जावा, पोस्टग्रेस (डेटाबेस) आणि सोलर (शोधयंत्र) एकाच मशीनवर ठेवायचे तर ८ जीबी रॅम किमान धरा, १६ असेल तर उत्तम. लॅबमधला ४ जीबीचा जुना डेस्कटॉप सॉफ्टवेअर बांधतानाच (बिल्ड) मान टाकतो.

खरी गोम पीडीएफमध्ये आहे. कितीतरी मराठी प्रबंध श्रीलिपी किंवा कृतीदेव अशा युनिकोडपूर्व फाँटात टाइप झालेले असतात. पडद्यावर अक्षर सुबक, पण त्यातला ‘दुष्काळ’ कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकला की रोमन अक्षरांचा चिवडा हाती येतो. सोलरलाही तोच चिवडा मिळतो, मग विद्यार्थ्याने ‘दुष्काळ’ शोधला तर प्रबंध निघणार कुठून? अशा फाइलींवर ओसीआरमायपीडीएफ (पानाच्या चित्रावरून अक्षरं ओळखून पीडीएफमध्ये भरणारं साधन) चालवा, त्यामागच्या टेसरॅक्ट या अक्षरओळख इंजिनाची मराठी भाषाफाइल आधी बसवा आणि फोर्स-ओसीआर हा पर्याय द्या. तो न दिल्यास ‘पानावर मजकूर आहेच’ म्हणून काम थांबतं. कागदावरून स्कॅन करत असाल तर ३०० डीपीआय ठेवा.

त्यानंतर पीडीएफमधला मजकूर शोधासाठी काढणारी डीस्पेसची फिल्टर-मीडिया ही आज्ञा रोज रात्री क्रॉनमधून (लिनक्सचं वेळापत्रक) चालवा. इथे एक मर्यादा हमखास नजरेतून सुटते: मूळ सेटिंगमध्ये एका फाइलचे पहिले १,००,००० वर्णच शोधासाठी घेतले जातात. तीनशे पानी प्रबंधाची शेवटची प्रकरणं अशी शोधाबाहेर राहतात. ही मर्यादा सेटिंगमध्ये वाढवा आणि प्रकरणवार पीडीएफ चढवा. मोबाइलच्या डेटावर वाचणाऱ्यालाही ते सोयीचं पडतं.

नोंदणीचा फॉर्म निर्दयपणे छाटा. शीर्षक, संशोधक, मार्गदर्शक, विषय, वर्ष, सारांश, बस. मार्गदर्शकाचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलं तर यादीत तीन माणसं दिसतात. दुरुस्ती सीएसव्ही या तक्त्याच्या फाइलीतून एकगठ्ठा होते, पण फाइल यूटीएफ-८ (युनिकोड) मध्येच सेव्ह करा, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं उरतात.

बॅकअप पोस्टग्रेस आणि असेटस्टोअर (चढवलेल्या फाइलींचं फोल्डर) दोन्हींचा हवा. लाइट जाऊन सोलर बिघडलं तर शोधसूची इंडेक्स-डिस्कव्हरी या आज्ञेने पुन्हा बांधता येते; वाचकसंख्येचे आकडे मात्र सोलरमध्येच असतात, ते वेगळे एक्स्पोर्ट करून ठेवा.

मोठा सर्व्हर परवडत नसेल तर साउथॅम्प्टन विद्यापीठाचं ईप्रिंट्स हे भांडार-सॉफ्टवेअर आधी बघा. दिसायला जुनाट आहे, पण लहान सर्व्हरवर निभतं.