ॲशली की शर्ली?

इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या आमच्या एका स्नेह्यांनी होणाऱ्या मुलीसाठी ॲशली आणि शर्ली ही दोन नावे निवडली असून त्यांतले कोणते ठेवावे, असे मला विचारले आहे. आमची थोरली ॲशली आणि धाकटी शर्ली, त्यामुळे दोन्हींचा अनुभव गाठीशी आहे.

ही नावे मुळात तिथल्या गावांची, त्यांवरून पडलेल्या आडनावांची आणि अखेरीस माणसांची. स्टॅन्ली आणि ब्रॅडलीप्रमाणे यांच्याही शेवटी असलेला ‘ली’ जुन्या इंग्रजीतून आला आहे. त्याचा अर्थ आधी रान आणि पुढे रानात झाडे तोडून मोकळी केलेली जागा असा झाला. भाषाशास्त्रज्ञ त्याचे नाते संस्कृत ‘लोक’ या शब्दाशी लावतात, आणि ‘लोक’चाही प्राचीन अर्थ मोकळी जागा असाच आहे. हे वाचले त्या दिवसापासून ही नावे मला परकी वाटेनाशी झाली.

अर्थाच्या बाबतीत ॲशली सरस आहे, असे मला वाटते. ॲशच्या झाडांमधली मोकळी जागा, म्हणजे आपल्या पिंपळगाव-वडगावच्याच जातकुळीचे नाव. ब्रिटनमध्ये २०१२ साली प्रथम आढळलेल्या बुरशीजन्य रोगाने हीच झाडे वाळत चालली आहेत, त्यामुळे ते नाव घरात असावे ही ओढ मलाही समजते. शर्लीचे पूर्वपद मात्र कुठे ‘उजळ’ या अर्थाचे, तर कुठे ‘परगणा’ या अर्थाचे मानले जाते.

पूर्वी ही दोन्ही पुरुषांची नावे होती. शार्लट ब्राँटे यांच्या १८४९ मधील ‘शर्ली’ या कादंबरीत मुलाची आस धरलेले आईवडील मुलीला ते नाव देतात, आणि पुढे ते स्त्रियांचेच झाले. ॲशली इंग्लंडमध्ये आजही मुलांचे आणि मुलींचेही असते, पण त्याचा त्रास आम्हाला फारसा झाला नाही.

त्रास झाला तो स्पेलिंगचा. या नावाचा शेवट ‘एलईवाय’, ‘एलईआयजीएच’ आणि दुहेरी ‘ई’ अशा किमान तीन प्रकारे लिहिला जातो, आणि समोरचा माणूस न विचारता त्याच्या ओळखीतला प्रकार लिहून मोकळा होतो. दवाखान्याच्या पत्रावर एक, शाळेच्या पटावर दुसरे. पुण्याला येताना नातलगांनी प्रेमाने काढून ठेवलेल्या तिकिटावरचे नाव पासपोर्टशी जुळेना, तेव्हा विमानतळावर तासभर उभे राहून थोरली रडवेली झाली. धाकटीचे नाव आम्ही त्याच प्रवासानंतर ठरवले.

शर्ली हे नाव आता आजीच्या पिढीचे वाटते, हे मान्य करायला हवे. तिच्या वर्गात दुसरी शर्ली नाही. आपल्या स्नेह्यांची आवड वेगळी असू शकेल आणि तिचा मान राखायलाच हवा. परंतु धाकटीचे नाव एकदा सांगितले की लिहून घेणारा मान वर न करता ते बरोबर लिहितो, आणि थोरली अजून प्रत्येक खिडकीवर अक्षरे एकेक करून सांगते.