हँडब्रेक, आठ महिने: ४.४ जीबीची डिस्क ७.२ जीबी कशी झाली

बाबांच्या डीव्हीडी एकूण त्रेसष्ट. जत्रेला देवळासमोरच्या मांडवात झालेली गावची मराठी नाटकं, चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) घुमट आरत्या, म्हणजे घुमट या मातीच्या तालवाद्यावरच्या, दोन लग्नं, एक मुंज. मुळात सगळं व्हीएचएसवर होतं, २००६ च्या सुमारास म्हापशातल्या एका दुकानातून डीव्हीडीवर उतरवून घेतलेलं. आमच्याकडच्या पावसाळी दमटपणात डिस्कांवर बुरशीचे पांढरे ठिपके धरायला लागले, म्हणून गेल्या जानेवारीत लॅपटॉपवर हँडब्रेक हे व्हिडिओ दाबून लहान करायचं सॉफ्टवेअर टाकलं. फुकट आहे आणि जाहिराती नाहीत. विकतच्या, कॉपी-प्रोटेक्शन असलेल्या डिस्क ते स्वतःहून उघडत नाही. माझ्या सगळ्या घरच्याच, त्यामुळे तो प्रश्न आला नाही.

पहिली डिस्क चार तासांच्या नाटकाची. दुकानदाराने एलपी मोडमध्ये (कमी दर्जात जास्त वेळ) एकाच डिस्कवर कोंबलेली, ४.४ जीबी. मी ‘उत्तम दर्जा हवा’ म्हणून आरएफचा, म्हणजे चित्राच्या दर्जाचा, आकडा १६ वर ओढला, आवाजाला फ्लॅक हा लॉसलेस (काहीही न गाळणारा) प्रकार निवडला, रात्री लावून झोपले. सकाळी फाइल ७.२ जीबी! लहान करायला दिलेली वस्तू फुगून परत आली. माझा पेनड्राइव्ह एफएटी३२ या जुन्या फाइल-रचनेचा, तो ४ जीबीच्या वरची एक फाइल घेतच नाही. म्हणजे टीव्हीवर लावायचंही राहिलं.

आधी वाटलं सॉफ्टवेअर बिघडलंय. काढून पुन्हा टाकलं. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच.

गोम आरएफमध्ये होती. हा आकडा फाइलच्या साइजबद्दल काहीच बोलत नाही. ‘मूळ चित्राच्या इतकं जवळ जा’ एवढंच सांगतो आणि लागतील तेवढे बिट खर्च होतात. आकडा जितका लहान, तितकी फाइल मोठी. मूळ डिस्कवर सेकंदाला जेमतेम अडीच मेगाबिट होते, हे एन्कोडरच्या (व्हिडिओ दाबणाऱ्या भागाच्या) गावीही नसतं. त्याला दिसतं ते समोरचं चित्र, आणि माझं चित्र म्हणजे व्हीएचएसचा किडा (वळवळणारे कण) आणि त्यावर एलपी मोडचे चौकोन. एक प्रवेश रात्रीच्या अरण्याचा आहे. मागे काळा पडदा, पुढे एकच दिवा. त्या काळ्या पडद्यावर निळसर-तांबूस कण मुंग्यांसारखे वळवळतात, दर फ्रेमला वेगळ्या जागी. या मुंग्या हुबेहूब जपायच्या म्हटल्यावर बिट जाणार नाहीत तर काय होईल? हँडब्रेकच्या मार्गदर्शनात डीव्हीडी दर्जाच्या व्हिडिओला १८ ते २२ असा पल्ला दिलाय. तो वाचायचा आळस मला दोन रात्रींना पडला.

मग मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडली. हे आधीच करायला हवं होतं. चित्र किती, आवाज किती, हे तिथे वेगवेगळं दिसतं. एकट्या आवाजाने एक जीबीच्या वर जागा खाल्ली होती! डिस्कवरचा आवाज आधीच दाबलेला एसी-३, त्यातून फ्लॅक करून गेलेलं काही परत येत नाही. टेपची खरखर तेवढी लॉसलेस झाली. आता आवाज एएसी या दाबलेल्या प्रकारात, १६० केबीपीएस ठेवते. चार तासांचे तीनशे एमबीसुद्धा होत नाहीत, आणि संवाद होते तितकेच स्पष्ट आहेत.

पुढची भानगड इंटरलेसची. आपल्याकडची पाल पद्धतीची डीव्हीडी ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, आणि कॅमेऱ्याने टिपलेलं असेल तर प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांची. ती तशीच ठेवली तर हलणाऱ्या हाताला फणीचे दात दिसतात आणि ते दात दाबायला एन्कोडरला जड जातात. मी हे दात काढणारा यादिफ फिल्टर लावला होता, पण त्यात ‘बॉब’ निवडलं होतं. बॉबने २५ च्या ५० फ्रेम होतात. दुप्पट फ्रेम म्हणजे फाइल दुप्पट असं नाही, पण वाढते बऱ्यापैकी. नाटकाला २५ पुरतात, तिथे माणसं उभी राहून बोलतात. घुमट आरतीला मात्र मी बॉब मुद्दाम ठेवलाय. घुमटावर पडणारी बोटं २५ फ्रेममध्ये अडखळतात, ५० मध्ये कशी सळसळतात ते एकदा बघाच.

कोणी सांगत नाही असा एक चोर चित्राच्या तळाशी असतो. व्हीएचएसवरून आलेल्या चित्रात अगदी खाली आठ-दहा ओळींची वाकडीतिकडी, सतत थरथरणारी पट्टी असते. जुन्या टीव्हीवर ती चौकटीआड लपायची. हँडब्रेकचं आपोआप क्रॉप काळ्या पट्ट्या ओळखतं, ही नाही. हाताने खालून १० ओळी कापल्या, फाइल थोडी हलकी झाली आणि चित्रही सुधारलं.

किड्यावर उपाय डीनॉइजचा, म्हणजे कण पुसण्याचा. एनएलमीन्स हा फिल्टर खरोखर चांगला आहे, पण भयंकर हळू. माझ्या जुन्या लॅपटॉपचा पंखा मिक्सरसारखा घुमतो आणि चार तासांच्या नाटकाला रात्र पुरत नाही. मी उत्साहाच्या भरात ‘स्ट्राँग’ लावून बाबांना दाखवलं. ते स्वतः त्या नाटकात राजा. चष्मा लावून दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, “पडदो खंय गेलो गो?” मागचा रंगवलेला राजवाडा, त्याचे खांब, खांबांवरची वेलबुट्टी, सगळं पिठूळ होऊन गेलं होतं. बाबांची मिशी गालात विरघळली होती. आता फक्त ‘लाइट’. थोड्या मुंग्या राहतात, राहोत.

एवढं सगळं करून, आरएफ २० वर, तेच नाटक २.३ जीबी झालं.

चाचणीबद्दलही बोलते, कारण त्यात मी फसले. पूर्ण फाइल करण्याआधी दोन मिनिटांचा तुकडा काढून १२० ने गुणायचं, ही युक्ती छान. पण मी तुकडा घेतला सुरुवातीचा, पाहुण्यांच्या सत्काराचा. झगझगीत उजेड, खुर्चीत बसलेली माणसं, हलतोय तो फक्त हार. हिशोब एक जीबीच्या आत आला आणि प्रत्यक्षात त्याच्या दुपटीहून जास्त! तुकडा घ्यायचा तर अरण्याचा घ्या.

इंटेलचं क्विक सिंक (प्रोसेसरमधली व्हिडिओ दाबायची सोय) वापरून बघितलं. वेगाला तोड नाही, पण तेवढ्याच दर्जाला फाइल मोठी येते, आणि त्याचा दर्जाचा आकडा एक्स२६४ च्या (मी वापरते त्या एन्कोडरच्या) आकड्याशी जुळत नाही. एक्स२६५ या नव्या एन्कोडरने फाइल लहान होते, पण कुडाळच्या मावशीचा टीव्ही ती वाजवत नाही. त्यामुळे मी एक्स२६४ वरच. साइज ठरलेलीच हवी असेल, तेव्हा आरएफ सोडून सरासरी बिटरेट (सेकंदाला किती बिट) आणि दोन फेऱ्या. १८०० केबीपीएस दिले की चार तासांना आवाजासकट साधारण ३.५ जीबी, एफएटी३२ वर आरामात बसते. हे गणित कागदावर करता येतं. आरएफमध्ये मात्र फाइल किती होणार ते हँडब्रेक आधी सांगत नाही, ही माझी पहिली तक्रार.

दुसरी तक्रार रांगेची. एखादं काम रांगेत टाकलं आणि मग सेटिंग बदललं, तर रांगेतल्या कामाला ते लागू होत नाही. बरोबरच आहे म्हणा, पण माझी नऊ नाटकं त्यामुळे पुन्हा करावी लागली.

मूळ डिस्कांच्या प्रती मी जशाच्या तशा एका हार्ड डिस्कवर ठेवल्यात, उघडल्या त्या एकसष्ट मिळून पावणेतीनशे जीबीच्या आत. १ टीबीच्या डिस्कमध्ये त्याचं काही ओझं नाही. पुसलेली वेलबुट्टी परत आणायची सोय कुठल्याच फिल्टरमध्ये नाही, म्हणून हँडब्रेकची फाइल फक्त बघण्यासाठी.

जूननंतर वीज जायला लागली तेव्हा एक गोष्ट उशिरा कळली. एमपी४ प्रकारची फाइल अर्ध्यावर तुटली की उघडतच नाही. एमकेव्ही तुटली तरी झालेला भाग बहुतेक वेळा चालतो. काम जिथे तुटलं तिथून पुढे सुरू करायची सोय हँडब्रेकमध्ये नाही, पण एमकेव्हीत निदान रात्रभर काय झालं ते सकाळी बघता येतं. चवथीच्या आधी एकोणसाठ झाल्या. उरलेल्या चारांपैकी दोन डिस्क बुरशीमुळे ड्राइव्हच ओळखत नाही. त्यातली एक मुंजीची आहे, आणि ज्याची मुंज तो दर आठवड्याला फोन करतो.