द रॉक्समध्ये एकच पाहायचं असेल तर: सुझाना प्लेस की डिस्कव्हरी म्युझियम?

मुलांकडे सिडनीला गेलात की ऑपेरा हाऊस आणि हार्बर ब्रिज होतातच. ब्रिजच्या पायथ्याशी द रॉक्स ही जुनी वस्ती आहे. तिचा इतिहास सांगणारी ही दोन ठिकाणं एकमेकांपासून चालत जाण्याइतकी जवळ आहेत.

डिस्कव्हरी म्युझियम १८५० च्या दशकातल्या दगडी गोदामात आहे. प्रवेश मोफत. १७८८ मध्ये ब्रिटिश येण्यापूर्वी इथे राहणाऱ्या मूळनिवासी गॅडिगल लोकांपासून आजपर्यंतचा काळ इथे क्रमाने मांडलाय, उत्खननात सापडलेल्या वस्तूंसकट. नातवंडं बरोबर असतील किंवा हाताशी तासभरच असेल, तर इथेच जा.

सुझाना प्लेसची गोष्ट निराळी. एडवर्ड आणि मेरी रायली या आयरिश जोडप्याने १८४४ मध्ये ग्लॉस्टर स्ट्रीटवर एकमेकांना लागून चार घरं बांधली. आपल्याकडे रो-हाऊस म्हणतात, तशीच. टोकाच्या घरात किराणा दुकान. १९९० पर्यंत शंभराहून जास्त कुटुंबं इथे राहून गेली, बहुतेक कष्टकरी भाडेकरू. जतन करताना घर नव्यासारखं चकचकीत केलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. भिंतीवरचे रंगांचे थर, वॉलपेपर, जमिनीवरचं लिनोलियम, जसं सापडलं तसं बरंचसं ठेवलंय. मागच्या अंगणात संडास आणि कपडे धुण्याची जागा आहे. चाळीत वाढलेल्या माणसाला इथे काही समजावून सांगावं लागत नाही.

१९०० मध्ये सिडनीत प्लेग आला. १८९६ ला मुंबईत आणि नंतर पुण्यात शिरला, त्याच जागतिक साथीतला. सरकारने द रॉक्स ताब्यात घेतलं आणि पाडापाडी सुरू झाली. पुढे ब्रिजसाठीही घरं गेली. पुण्यातल्या प्लेगच्या झडत्यांबद्दल वाचलेलं मनात घेऊन या खोल्यांतून फिरलं, की आजूबाजूला काय काय नाहीसं झालं असेल ते जाणवतं.

अडचणी आहेत. घर गाइडबरोबरच पाहता येतं, म्हणून दिवस-वेळ आधी बघून ठेवा. जिने अरुंद आणि उभे आहेत. गुडघे दुखत असतील तर जपून. पण जिना चढवत असेल, तर माझं मत सुझाना प्लेसलाच. डिस्कव्हरी म्युझियममध्ये परतताना अर्धा तास डोकावता येईल.