कच्ची कोको पावडर: अनेक महिने रोज वापरल्यावर

कोकोचं पाकीट हातात घेतलं की आधी ते उलटं करून मागची घटकांची यादी वाचा. तिथे फक्त ‘कोको’ एवढंच असेल तर पावडर साधी आहे. ‘अल्कलाइज्ड’, ‘डच प्रोसेस’ किंवा आम्लता नियंत्रक म्हणून आयएनएस (खाद्यपदार्थांत मिसळायच्या घटकांचा क्रमांक) ५०० किंवा ५०१ लिहिलेलं असेल, तर तिच्यावर अल्कलीची, म्हणजे आंबटपणा घालवणाऱ्या क्षाराची प्रक्रिया झालेली आहे. आपण कोकोकडून ज्याची अपेक्षा धरतो, त्या फ्लॅव्हॅनॉलचा, म्हणजे रक्तवाहिन्यांना उपयोगी वनस्पतिद्रव्याचा मोठा भाग या प्रक्रियेतच जातो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत साध्या पावडरीत ग्रॅममागे सरासरी ३४.६ मिलिग्रॅम फ्लॅव्हॅनॉल सापडलं, तर जास्त प्रक्रिया केलेल्या पावडरीत जेमतेम ३.९.  रंगावरूनही बराचसा अंदाज येतो: साधी पावडर फिकट, लालसर तपकिरी आणि चवीला किंचित आंबट, प्रक्रिया केलेली गडद आणि सौम्य.

‘कच्चा’ कोको म्हणजे उष्णता अजिबात न लागलेला, असं मात्र समजू नये. बिया आधी काही दिवस आंबवतात आणि त्या ढिगाचं तापमान ४५ ते ५० अंशांपर्यंत जातं. मग वाळवतात. नेहमीच्या कोकोत पुढे भाजणी होते, यात ती होत नाही किंवा अगदी सौम्य होते. भाजण्याने थोडं फ्लॅव्हॅनॉल कमी होतं, पण जंतूही मरतात. न भाजलेल्या बियांवर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. म्हणून लहान मुलं, गरोदर स्त्रिया किंवा आजारी माणसं खाणार असतील आणि पदार्थ पुन्हा शिजणार नसेल, तर भाजलेल्या बियांची पण अल्कली न लावलेली पावडर घ्यावी. आमच्या मते रोजच्या वापरालाही तीच उत्तम: फायदा जवळपास तेवढाच, चव जास्त चांगली आणि काळजी कमी.

आता प्रकृतीचं. एक टेबलस्पून, म्हणजे साधारण ५ ग्रॅम पावडरीत पावणेदोन ग्रॅमच्या आसपास तंतुमय भाग, २५ मिलिग्रॅम मॅग्नेशियम, १०० मिलिग्रॅम थिओब्रोमिन (कॅफिनसारखंच, पण सौम्य उत्तेजक) आणि १० ते १२ मिलिग्रॅम कॅफिन असतं. लोह कागदावर भरपूर दिसतं, पण ते वनस्पतीतलं आणि सोबत लोह अडवून धरणारी पॉलिफेनॉल ही वनस्पतिद्रव्यं, त्यामुळे अंगी थोडंच लागतं. त्यासाठी कोको खाऊ नये. रक्तवाहिन्यांबाबत आधार बराच पक्का आहे: दिवसाला २०० मिलिग्रॅम कोको फ्लॅव्हॅनॉलने रक्तवाहिन्यांची लवचिकता टिकायला मदत होते, हा दावा युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१२ मध्ये मान्य केला. मात्र त्यासाठी फ्लॅव्हॅनॉल भरपूर असलेली पावडर लागते. २१ हजारांहून जास्त लोकांवरच्या कॉसमॉस चाचणीत रोज ५०० मिलिग्रॅम फ्लॅव्हॅनॉल दिलं. हृदयविकाराच्या एकूण घटनांमध्ये ठोस घट दिसली नाही. हृदयविकाराने होणारे मृत्यू मात्र कमी दिसले, पण तो चाचणीचा मुख्य निकष नव्हता. म्हणजे कोको हे औषध नाही, पण रोजच्या खाण्यात असावा असा घटक नक्की आहे.

अनेक महिन्यांच्या वापरात स्वतःला जाणवतो तो बदल जिभेचा. कडवटपणाची सवय होते आणि हळूहळू साखर निम्म्यावर येते. प्रत्यक्षातला सगळ्यात मोठा लाभ आम्ही हाच मानतो. रक्तदाब वगैरे असं जाणवून कळत नाही, तो मोजावाच लागतो. रात्री उशिरा घेतलेल्या कोकोने काहींची झोप उडते, कारण थिओब्रोमिन शरीरात बरेच तास राहतं. दुपारी चारनंतर टाळलेला बरा.

पेयाची अडचण नेहमी एकच: गुठळ्या. पावडरीच्या कणांवर कोको बटरचा थर असतो, त्यामुळे थंड दुधात ती तरंगत राहते. कपात १ टेबलस्पून पावडर, चिमूटभर मीठ आणि २ टेबलस्पून कडक गरम पाणी घालून चमच्याने घोटा. आधी कोरडे कण कडेला चिकटतात, मग एकदम चकचकीत, दाट लेप तयार होतो. तो झाल्यावरच १५० मिली दूध किंवा पाणी थोडं थोडं घाला. मीठ विसरू नका, त्याने कडवटपणा खूप दबतो.

केळं आणि कोकोची स्मूदी लोकप्रिय आहे, पण फ्लॅव्हॅनॉलसाठी ती जोडी वाईट. केळ्यातलं पॉलिफेनॉल ऑक्सिडेज, म्हणजे केळं काळं पाडणारं विकर, फ्लॅव्हॅनॉल मोडतं. २०२३ च्या एका अभ्यासात केळ्याच्या स्मूदीसोबत घेतल्यावर रक्तातलं फ्लॅव्हॅनॉल ८४ टक्क्यांनी कमी भरलं. त्याऐवजी बेरी, संत्रं, अननस, आंबा किंवा दही घ्या.

घरच्या खाऊत सगळ्यात भरवशाचे खजुराचे गोळे. २०० ग्रॅम बिया काढलेला मऊ खजूर, १०० ग्रॅम बदाम, ३० ग्रॅम कोको आणि पाव टीस्पून मीठ. बदाम मंद आचेवर भाजून पूर्ण गार करा. गरम असतानाच मिक्सरला लावले तर तेल सुटतं आणि गोळे तेलकट होतात. बदाम थांबत थांबत फिरवून जाडसर ठेवा आणि बाजूला काढा. मग खजूर, कोको आणि मीठ एकत्र फिरवा, शेवटी बदाम मिसळा. मूठभर मिश्रण दाबलं की एकसंध राहिलं पाहिजे. कोको ओलावा ओढून घेतो, त्यामुळे ते भुसभुशीत झालं तर एकेक टीस्पून गरम पाणी घाला, एकदम ओतू नका. खजूर कोरडा असेल तर दहा मिनिटं गरम पाण्यात ठेवून नीट पुसा. पाणी राहिलं तर बुरशी लवकर येते. साधारण २० ग्रॅमचे सोळा गोळे होतात, म्हणजे प्रत्येकात जेमतेम दोन ग्रॅम कोको. फ्रिजमध्ये आठवडाभर उत्तम राहतात. गोडवा खजुराचाच असला तरी साखर ती साखरच, एका वेळी दोन पुरेत.

घरी चॉकलेट करायचं तर ५० ग्रॅम कोको बटर गरम पाण्यावरच्या भांड्यात वितळवा. ४० ग्रॅम कोको आणि ३० ग्रॅम पिठीसाखर चाळून घाला, साच्यात ओता आणि फ्रिजमध्ये अर्धा तास ठेवा. पाण्याचा एक थेंब पडला तरी सगळं घट्ट, रवाळ होतं, म्हणून भांडं आणि चमचा कोरडेच हवेत. मधही त्यात मिसळत नाही, वेगळा होऊन चिकट रेषा सोडतो. ही वडी बाजारातल्याइतकी तलम होणार नाही आणि हातात धरली की लगेच मऊ पडेल, कारण कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं. नंतर वर येणारा पांढुरका थर बहुधा स्निग्धांशाचा असतो, बुरशीचा नाही. खाल्लं तर चालतं.

कोकोच्या बियांचे तुकडे, म्हणजे निब्ज, भाजलेल्या ओट्सच्या मिश्रणात झकास लागतात. १५० अंशांवर ओट्स २५ मिनिटं भाजायचे असतील तर आधीच भाजलेले निब्ज शेवटच्या पाच मिनिटांत घाला; सुरुवातीपासून ठेवले तर करपट कडू होतात. केकमध्ये खाण्याचा सोडा जितका जास्त तितकं फ्लॅव्हॅनॉल कमी. सोडा अल्कलीच आहे, आणि केक गडद झालेला दिसतो तो त्याच्यामुळेच. बेकिंग पावडरने ते बरंच टिकतं.

प्रमाण दिवसाला १ ते २ टेबलस्पून, त्याहून जास्त नको. कोकोत ऑक्झलेट, म्हणजे मूतखडे बनायला हातभार लावणारं द्रव्य, भरपूर असतं, म्हणून मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावा. कॅडमियम या विषारी धातूचाही प्रश्न आहे: काही भागांतल्या मातीतून तो बियांत उतरतो, म्हणून युरोपीय संघाने ग्राहकांना विकल्या जाणाऱ्या कोको पावडरीसाठी किलोमागे ०.६० मिलिग्रॅमची मर्यादा २०१९ पासून लागू केली. तपासणीचा अहवाल दाखवणाऱ्या उत्पादकाची पावडर घेणं शहाणपणाचं, विशेषतः घरात मुलं खाणार असतील तर.

डबा हवाबंद, सुक्या आणि अंधाऱ्या जागी ठेवा, फ्रिजमध्ये नको; थंड डबा उघडताच आत दव जमतं आणि गुठळ्या होतात. घरात कुत्रा असेल तर डबा आणि गोळे दोन्ही त्याच्या आवाक्याबाहेर ठेवा. थिओब्रोमिन कुत्र्यांच्या शरीरातून फार सावकाश निघतं आणि त्यांच्यासाठी ते विषारी ठरतं.